पाणी फिरवायचे कोणी?

गेल्या पावसाळ्यात एका रविवारी रात्री भाच्याचा फोन आला. तो बंगळूरला नोकरी करतो आणि पगारातला बराचसा भाग एका जुन्या १३०० सीसीच्या गाडीवर घालवतो. या गाडीला मागचे सीट नाही, दारांना आतून अस्तर नाही, आणि ती रस्त्यावर चालवायची नाहीच. ट्रेलरवर चढवून ती कोइमतूरच्या करी मोटर स्पीडवेवर न्यायची, २.१ किलोमीटरच्या त्या ट्रॅकवर वीस-वीस मिनिटे पळवायची आणि परत आणायची, हा त्याचा छंद. माझी बहीण, म्हणजे त्याची आई, त्या गाडीला 'पैसे जाळायचं यंत्र' म्हणते.

"मामा, इंजिन गेलं," तो म्हणाला. "बेल्ट उडाला. हेड वाकलं."

इंजिनातले पाणी फिरवणारा पंप ज्या पट्ट्यावर चालतो तो पट्टा भर वेगात निसटला होता. पाणी फिरायचे थांबले, हा मात्र आणखी दोन फेऱ्या मारत राहिला. वर्षभराच्या बचतीवर पाणी फिरले ते असे. जुन्या बाजारातून दुसरे इंजिन मिळाले, पण तेही गेले तर गाडी विकायची असे त्याने आईला कबूल केले होते.

"आता बेल्टवरचाच पंप ठेवू, की तो काढून इलेक्ट्रिक बसवू? इथे निम्मे लोक एक सांगतात, निम्मे दुसरं. तुम्ही आयुष्यभर पंपच केलेत. तुम्ही सांगा."

मी बत्तीस वर्षे पंपांच्या चाचणी विभागात काढली हे खरे, पण ते शेतीचे पंप. मोटारीच्या पंपाकडे मी कधी नीट पाहिले नव्हते. आठ दिवसांची मुदत मागून घेतली आणि वाचायला बसलो. आठ दिवसांचे चार महिने झाले. प्रश्न एका पंपाचा होता, पण त्यामागे सव्वाशे-दीडशे वर्षांचा इतिहास निघाला.

उकळू द्यावे

पेट्रोल जळून जी उष्णता निर्माण होते, तिच्यातली ढोबळमानाने एक तृतीयांश कामाला येते, एक तृतीयांश धुराबरोबर बाहेर जाते आणि उरलेली इंजिनाच्या धातूत शिरते. ही शेवटची उष्णता बाहेर काढली नाही तर इंजिन स्वतःलाच भाजून घेते. म्हणून इंजिनाभोवती पाणी. पण त्या पाण्याचे पुढे काय करायचे, याचे उत्तर प्रत्येक पिढीने वेगळे दिले.

कार्ल बेन्झ यांनी २९ जानेवारी १८८६ रोजी आपल्या तीनचाकी गाडीच्या पेटंटसाठी अर्ज केला. त्या गाडीत पाणी थंड करण्याची सोयच नव्हती. पाणी तापायचे, उकळायचे आणि वाफ होऊन उडून जायचे. जाताना उष्णता घेऊन जायचे. संपले की पुन्हा ओतायचे. ऑगस्ट १८८८ मध्ये बर्था बेन्झ आपल्या दोन मुलांना घेऊन, नवऱ्याला न सांगता, मानहाइमहून फोर्त्सहाइमला माहेरी निघाल्या. शंभर किलोमीटरहून थोड्या जास्त अंतराचा हा प्रवास मोटारीच्या इतिहासात प्रसिद्ध आहे. वाटेत विस्लोख गावच्या औषधाच्या दुकानातून त्यांनी इंधन घेतले, हा प्रसंग सगळे सांगतात. मला मात्र त्यांच्या पाण्याच्या खेपा जास्त महत्त्वाच्या वाटतात. जिथे विहीर, ओढा किंवा खाणावळ दिसेल तिथे थांबून त्यांना इंजिनात पाणी भरावे लागत होते. पंप नव्हता, पाण्याची ने-आण माणूसच करत होता.

ही पद्धत फार काळ टिकणार नव्हती. इंजिनाची ताकद वाढली की पाणीही त्याच मानाने उडणार. डाइमलरच्या कारखान्यातले विल्हेल्म मायबाख यांनी यावर जे उत्तर काढले ते आजही प्रत्येक गाडीच्या तोंडाशी बसलेले आहे. १९०० च्या अखेरीस तयार झालेल्या ३५ अश्वशक्तीच्या पहिल्या मर्सिडीजसाठी त्यांनी मधमाश्यांच्या पोळ्यासारखा दिसणारा रेडिएटर बनवला. सहा मिलिमीटर चौकोनाच्या ८०७० नळ्या एकमेकींना डाख देऊन जोडलेल्या. नळ्यांमधून वारा जायचा, नळ्यांभोवतालच्या फटींतून पाणी. आधीच्या गाडीला १८ लिटर पाणी लागत होते, ते ९ लिटरवर आले. मार्च १९०१ मध्ये नीसच्या शर्यतींत या गाडीने सगळ्यांना मागे टाकले. शर्यतीची गाडी आणि पाण्याची व्यवस्था यांचे नाते इतके जुने आहे.

फोर्डने पंप काढून टाकला

यानंतरचा टप्पा माझ्या अपेक्षेच्या उलट निघाला. मला वाटले होते, आधी पंप नव्हता, मग आला आणि सुधारत गेला. प्रत्यक्षात बराच काळ पंप ठेवायचा की नाही यावरच मतभेद होते.

गरम पाणी हलके असते, वर चढते. थंड पाणी जड, खाली येते. इंजिन खाली आणि रेडिएटरची टाकी वर ठेवली, मध्ये जाड नळ्या दिल्या, तर पाणी आपोआप फिरत राहते. इंजिन जितके तापेल तितके फिरणे जोरात. या व्यवस्थेला थर्मोसायफन म्हणतात. पंप नाही, पट्टा नाही, सील नाही, बिघडण्यासारखे काहीच नाही. १९१४ मध्ये पॅरिसहून मार्नच्या आघाडीकडे सैनिक घेऊन गेलेल्या रेनो टॅक्सींत हीच योजना होती.

१९०८ मध्ये बाजारात आलेल्या फोर्डच्या 'मॉडेल टी'ला सुरुवातीला पाण्याचा पंप होता. सुमारे अडीच हजार गाड्या झाल्यावर फोर्डने तो काढून टाकला आणि थर्मोसायफन स्वीकारला. पुढच्या जवळजवळ दीड कोटी गाड्या पंपाशिवाय निघाल्या. कारण सरळ होते. पंपाला पैसे पडतात, पंप गळतो, आणि ही गाडी ज्या शेतकऱ्याला विकायची त्याच्या गावात दुरुस्ती करणारा कोणी नसतो.

गंमत पुढेच आहे. इतर कारखानदारांनी 'टी'साठी वरून बसवायचे पंप विकायला काढले आणि लोकांनी ते घेतले. ज्याला चढाची वाट होती, ज्याने इंजिनातून जास्त ताकद काढली होती, त्याला थर्मोसायफन पुरेना. त्यातच या पद्धतीचा एक दोष होता. टाकीतले पाणी वरच्या नळीच्या तोंडाखाली गेले की साखळी तुटते आणि फिरणे बंद पडते. माझा भाचा ज्या कोड्यात पडला होता, त्यात शंभर वर्षांपूर्वी अमेरिकेतला एखादा शेतकरी पडलाच असेल. कारखान्याने दिलेली व्यवस्था एका माणसाचा विचार करून दिलेली, आणि गाडी हातात आली दुसऱ्याच्या.

पट्ट्याचे राज्य

१९२७ च्या अखेरीस आलेल्या फोर्डच्या 'मॉडेल ए'त पंप परत आला आणि या वेळी कायमचा. इंजिनांची ताकद वाढली होती आणि पट्टाही बदलला होता. चामड्याचा सपाट पट्टा ओला झाला की घसरायचा. १९१७ मध्ये अमेरिकेत जॉन गेट्स यांनी रबराचा, इंग्रजी व्ही अक्षराच्या आकाराचा पट्टा काढला. तो पुलीच्या खाचेत पाचरीसारखा रुतून बसतो. ताण जितका जास्त, तितकी पकड घट्ट. हळूहळू एकाच पट्ट्यावर पंखा, पाण्याचा पंप आणि वीज तयार करणारा डायनामो अशी तिघांची सोय झाली. आपल्याकडे ज्याला सरसकट 'फॅन बेल्ट' म्हणतात तो हाच.

पट्ट्यावरचा पंप स्वस्त आहे, मजबूत आहे, पण त्याच्यात एक जन्मजात अडचण आहे. तो इंजिनाच्या फेऱ्यांना बांधलेला असतो, उष्णतेला नाही. गाडी सिग्नलला उभी असताना इंजिन मिनिटाला ८०० फेरे घेते. तेवढ्यातही पुरेसे पाणी फिरले पाहिजे, म्हणून पंप मोठा ठेवावा लागतो. ट्रॅकवर तेच इंजिन ७००० फेरे घेते, म्हणजे पावणेनऊ पट. केंद्रोत्सारी पंपाचा नियम मी कारखान्यात हजार वेळा वापरला आहे: पाणी वेगाच्या प्रमाणात वाढते, दाब वेगाच्या वर्गाने, आणि लागणारी शक्ती वेगाच्या घनाने. पावणेनऊचा घन सुमारे ६७०. सिग्नलला उभे असताना पंप जितकी शक्ती खातो त्याच्या ६७० पट!

शिवाय पंप फार जोरात फिरला की पात्यांच्या मुळाशी दाब इतका घसरतो की तिथले पाणी बुडबुड्यांच्या रूपात उकळते. ते बुडबुडे पुढे जाऊन फुटतात तेव्हा धातूचे कण उडवतात. पंप वेगाने फिरतो, पण त्यात निम्मी वाफ असल्याने पाणी कमी जाते. शेतीच्या पंपांत फूट व्हॉल्व्ह तुंबला की असा खडे ढवळल्यासारखा आवाज मी कितीदा ऐकला आहे. शर्यतीची माणसे यावर जुना उपाय करतात: पंपाची पुली मोठी बसवून त्याला सावकाश फिरवतात. आपल्याकडेही मोटार शर्यतींची परंपरा जुनी आहे. मद्रासजवळच्या शोलावरम् येथे महायुद्धातल्या धावपट्टीवर शर्यती होत. पुढे करिवर्धन यांनी मारुती ८०० च्या इंजिनावर 'फॉर्म्युला मारुती' ही शर्यतीची गाडी उभी केली. त्यांच्याच नावाने कोइमतूरचा तो ट्रॅक ओळखला जातो.

विहिरीवरचा पट्टा

पट्टा की वीज हा प्रश्न मी पहिल्यांदा मोटारीत पाहिला नाही. तो आमच्या विहिरीवर पाहिला.

आमचे गाव आजच्या पलूस तालुक्यात, किर्लोस्करवाडीपासून सायकलच्या अंतरावर. औंध संस्थानात १९१० मध्ये लक्ष्मणराव किर्लोस्करांनी माळावर वसवलेल्या त्या कारखान्यात नांगर, चरक यांच्यामागोमाग १९२६ मध्ये केंद्रोत्सारी पंप तयार झाला. वाचकांना 'किर्लोस्कर' हे नाव मासिकामुळे जास्त जवळचे असेल. आम्हाला ते पंपावरच्या ओतीव अक्षरांमुळे होते. विहिरीच्या काठावर तेलावरचे इंजिन, चार हातांवर पंप आणि दोघांच्या मध्ये लांब सपाट पट्टा. हँडल मारून इंजिन सुरू करायचे, पंपात पाणी भरायचे, पट्टा घसरू लागला की त्याला राळ लावायची. हे सगळे मी दहाव्या वर्षी करत होतो. त्याच पट्ट्याने आमच्या चुलत्यांच्या उजव्या हाताची दोन बोटे नेली. म्हणून पट्ट्याबद्दल मला हळवेपणा नाही.

पुढे वीज आली. स्टार्टरचे हिरवे बटण दाबले की पाणी. आई म्हणाली, आता ते धूर ओकणारे इंजिन विकून टाका. वडिलांनी ते विकले नाही. त्यावर पोते झाकून ठेवले, पट्टा गुंडाळून खोपीतल्या खुंटीला टांगला. शेजारी हसत. एका उन्हाळ्यात उसाला पाण्याची पाळी आली आणि नेमकी मोटर जळाली. रात्री कधीतरी कमी दाबाची वीज आली होती, मोटर फिरत नव्हती, नुसती गुरगुरत होती, आणि दारे धरायला गेलेल्या गड्याला ते कळले नाही. वाइंडिंग करून यायला नऊ दिवस लागले. ते नऊ दिवस खुंटीवरच्या पट्ट्याने काढले.

वडील वीजविरोधी नव्हते. इंजिन बिघडण्याआधी सांगते, मोटर सांगत नाही, असे ते म्हणत. पट्टा घसरताना किंचाळतो, इंजिन दम लागल्यासारखे करते; मोटर गुमान बसते.

तिसरी व्यवस्था

मोटारीत विजेचा पंप प्रथम आणला तो थोड्या सेकंदांच्या शर्यतींतल्या लोकांनी. पाव मैल, म्हणजे ४०२ मीटर सरळ पळायचे आणि थांबायचे. तेवढ्या वेळात पंपाला जाणारी शक्ती वाचली तर फायदा. त्याहून मोठा फायदा शर्यत संपल्यावर. इंजिन बंद केले की पट्ट्यावरचा पंपही बंद होतो, पण तापलेला धातू थांबत नाही. तो थिजलेल्या पाण्याला उकळवत राहतो. विजेचा पंप इंजिन बंद असतानाही पाणी फिरवतो आणि पुढच्या फेरीआधी इंजिन निववतो. पुढे ऑस्ट्रेलियातल्या डेव्हिस क्रेग कंपनीने मिनिटाला ८०, ११५, १५० लिटर अशा मापांचे पंप कोणालाही घेता येतील असे बाजारात आणले.

कारखान्यातून निघणाऱ्या गाड्यांत तो आला तो निराळ्या कारणाने. २००४ मध्ये बीएमडब्ल्यूने आपल्या नव्या सहा सिलिंडरच्या इंजिनाला सुमारे २०० वॅटचा विजेचा पंप दिला. २००९ च्या टोयोटा प्रियसमध्ये तर इंजिनाला बाहेरून एकही पट्टा उरला नाही. थंड इंजिनात पाणी फिरवायचेच नाही, म्हणजे ते लवकर तापते, कमी धूर सोडते, कमी पेट्रोल खाते. पाणी किती फिरवायचे हे आता संगणक ठरवतो. रोज सकाळी थंड इंजिन सुरू करून कामाला जाणाऱ्या माणसासाठी ही उत्तम योजना आहे. पण ट्रॅकवरची गाडी वीस मिनिटे पूर्ण ताकदीने जळत असते. तिथे पाणी कमी कधी फिरवायचे हा प्रश्नच नसतो.

इथपर्यंत आल्यावर मला या इतिहासाचे सूत्र सापडल्यासारखे वाटले. बेन्झची व्यवस्था छोट्या प्रवासासाठी, मायबाखची शर्यतीच्या वेगासाठी, फोर्डची दुरुस्तीवाला नसलेल्या गावासाठी, पट्ट्याची शहरातल्या गर्दीसाठी, विजेची पेट्रोल वाचवण्यासाठी. यातली कोणतीही दुसरीपेक्षा सरसकट चांगली नाही. पंप निवडताना तो कोणाच्या अडचणीसाठी जन्मला आणि आपली अडचण तीच आहे का, एवढे पाहावे.

हिशेब

भाच्याची अडचण काय होती? मी कागद घेऊन बसलो. त्याचे इंजिन पूर्ण ताकदीवर असताना पाण्यात जाणारी उष्णता ६० किलोवॅट धरली आणि रेडिएटरमध्ये पाणी १० अंशांनी थंड होते असे मानले, तर मिनिटाला सुमारे ८६ लिटर पाणी फिरले पाहिजे. ११५ लिटरचा विजेचा पंप कागदावर पुरतो. पण ते माप मोकळ्या पाण्याचे. इंजिनाच्या अरुंद वाटा आणि रेडिएटर यांतून ढकलताना ते उतरते.

दुसरी गोष्ट दाबाची. रेडिएटरचे झाकण एक बार दाब धरत असेल तर पाणी १०० ऐवजी सुमारे १२० अंशांना उकळते. (उलट बाजूने पाहायचे तर महाबळेश्वरच्या उंचीवर उघडे पाणी साडेपंच्याण्णव अंशांच्या आसपासच उकळते, घाटात झाकण उघडून बसणाऱ्या जुन्या चालकांना हे पुस्तकाशिवाय माहीत होते.) पट्ट्यावरचा पंप जोरात फिरताना यात आणखी दाबाची भर घालतो आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्हजवळ, जिथे धातू सर्वांत तापलेला असतो, तिथे वाफेचा थर बसू देत नाही. विजेचा छोटा पंप इतका दाब देत नाही.

तिसरी गोष्ट विजेची. पंपाची वीज अल्टरनेटरकडून येते आणि अल्टरनेटर पट्ट्यावरच फिरतो. म्हणजे पट्टा गेलेला नसतो, फक्त पाण्याची वाट विजेवरून वळवलेली असते. तरीही इथे विजेच्या पंपाच्या बाजूने एक गुण द्यायला हवा. दहा अँपियर खाणारा पंप ३५ अँपियर-तासांच्या बॅटरीवर वीस मिनिटांची फेरी सहज पुरी करील. भाच्याच्या गाडीत तो असता तर त्या दिवशी पट्टा उडूनही इंजिन वाचले असते.

आणि चौथी गोष्ट, बातमीची. पट्ट्यावरच्या पंपाच्या पोटाखाली एक बारीक भोक असते. सील जाऊ लागले की तिथून थेंब गळतो. पट्टा तुटला की अल्टरनेटर थांबतो आणि समोर बॅटरीचा लाल दिवा लागतो. मी भाच्याला विचारले, "त्या दिवशी दिवा लागला होता का?"

तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "लागला होता. मला वाटलं, चार्जिंगचंच काहीतरी आहे. दोन फेऱ्याच राहिल्या होत्या."

पाण्याच्या काट्याने त्याला फसवले होते. पाणी फिरायचे थांबले की काटा मोजतो ती गरम जागा नव्हे. जिथे तो बसवलेला आहे तिथले थिजलेले पाणी किंवा वाफ. दिव्याने मात्र वेळेवर सांगितले होते.

शेवटी ठरले ते असे. पट्ट्यावरचा पंप ठेवायचा, पण पुली मोठी करून त्याचा वेग उतरवायचा आणि दोन्ही पुल्या एका रेषेत आहेत का हे पट्टी लावून तपासायचे. पट्टा उडाला होता तो वाकड्या रेषेमुळेच. इंजिन बंद केल्यावर दहा मिनिटे पाणी फिरवायला एक छोटा विजेचा पंप जोडीला. आणि हेडमधल्या पाण्याचा दाब घसरला की पेटणारा मोठा तांबडा दिवा, बरोबर डोळ्यांसमोर.

डिसेंबरमध्ये तो पुन्हा ट्रॅकवर जाऊन आला. वीस मिनिटांच्या चार फेऱ्या, काटा जागचा हलला नाही. फोनवर आनंदात होता, तरी वाद घालायचे त्याने सोडले नाही. "मामा, तुमचं उत्तर आजोबांच्या विहिरीवरून आलंय. पुढच्या वर्षी दोन्ही पंप मोजून बघू, मग बोला."

त्याचे म्हणणे अगदीच चूक नाही. मोजमापाशिवाय दिलेले मत मी कारखान्यात कोणाचेही ऐकून घेतले नसते. पुढच्या वर्षी मोजू. तोवर त्याला एवढेच सांगितले आहे की हत्यारांच्या पेटीत एक नवा पट्टा कायम ठेव. त्यावर तो म्हणाला, "ठेवलाय. झाकणाच्या आत खुंटीला."